पात्यातला चेहरा

मित्रांनो, चाकू म्हटलं की घरातली मोठी माणसं लगेच ओरडतात, "हात लावू नकोस!" बरोबरच आहे त्यांचं. त्यामुळे तुमची-माझी ओळख लांबूनच होणार. मी घडीचा चाकू आहे. वय सदतीस. मूठ शिसवी, तिच्यात पितळेच्या तीन खिळ्या, आणि पातं तुमच्या तळहाताएवढं लांब, दोन बोटं रुंद. दादरला तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात मी राहतो. त्या घरातल्या सरोजिनीबाईंच्या बाबतीत गेल्या उन्हाळ्यात जे घडलं, ते तुम्हाला सांगायचं आहे. त्यात माझा हात होता असं म्हणता येणार नाही, कारण मला हातच नाहीत. पण ते माझ्यामुळे घडलं, एवढं खरं.

माझा जन्म रे रोडचा. लाकडाच्या वखारींच्या मागे लवू पारकर नावाच्या कारागिराची पत्र्याची शेड होती. एका मोडीत निघालेल्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा त्याने भट्टीत लाल केला, ठोकून ठोकून पातळ केला, तेलात बुडवून पाणी दिलं, म्हणजे पोलाद कडक केलं. मला घडवून घ्यायला अण्णा आले होते. अण्णा म्हणजे सरोजिनीबाईंचे यजमान. विमा कंपनीत कारकून, पण खरा जीव पुठ्ठ्याची मखरं करण्यात. गणपतीच्या आधी दोन महिने त्यांच्या घरात चालायला जागा नसे.

"धार पाहिजे, बाकी काही नको," अण्णा म्हणाले.

"धार तर देतंयच," लवू म्हणाला, "पण पाता असा घासतंय, तुमका त्यात बघून मिशी कोरूक येतली."

अण्णांना मिशीच नव्हती. तरी लवूने सलग तीन दिवस मला घासलं. मी आरशासारखा लख्ख झालो.

तीस वर्षं मी पुठ्ठे कापले. कमानी, खांब, कळस, मोराची पिसं. अण्णांचं मखर बघायला माणसं गिरगावातून येत आणि "काय कोरलंय!" म्हणत. अण्णा मला वर धरून दाखवत. मी ते कौतुक ऐकत असे. मग अण्णा गेले. सरोजिनीबाईंनी मला त्यांच्या चष्म्याबरोबर, घड्याळाबरोबर बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. डब्याचं झाकण नीट बसत नसे. दोन पावसाळे गेले आणि माझ्या अंगावर तांबेऱ्याचे ठिपके उठले. कुणी मुद्दाम केलं नाही हे. ज्या माणसाची आठवण सोसवत नाही, त्याच्या वस्तूंकडेही कुणी बघत नाही.

मला बाहेर काढलं राजसने. राजस हा त्यांचा मुलगा, वय चौतीस. नोकरी लोअर परळला, डिलाईल रोडजवळच्या एका मोठ्या ऑफिसात. दिवसभर संगणकासमोर बसणारा हा मुलगा रविवारी मात्र बारीक घासकागद आणि तेल घेऊन बसायचा. त्याने माझा तांबेरा घालवला. लवूने दिलेली चकाकी परत आणायला त्याला तीन रविवार लागले. मग तो एका ऑनलाइन ग्रुपमध्ये शिरला. जुने चाकू जमवणाऱ्या, त्यांचे फोटो टाकणाऱ्या चार हजार माणसांचा तो ग्रुप. तो चालवत होत्या गिरगावच्या इरावती काळसेकर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, आणि फार कडक.

त्यांचे नियम राजसने पहिल्याच दिवशी आईला वाचून दाखवले. पात्याचं टोक कुणा माणसाकडे रोखलेला फोटो चालणार नाही. लहान मुलाच्या हातात चाकू दिसता कामा नये. दुसऱ्याचा चाकू त्याला विचारल्याशिवाय टाकायचा नाही. फोटोखाली किंमत विचारायची नाही. चाकूची माहिती द्यायची तर ठाऊक काय आणि अंदाज काय, हे वेगवेगळं लिहायचं.

"एवढे नियम तर आमच्या ऑफिसातही नव्हते," सरोजिनीबाई म्हणाल्या. त्यांनी तेहतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली होती. "पण शेवटचा चांगला आहे. आमच्याकडे असता तर अर्ध्या फायली उघडल्याच नसत्या."

त्या हसल्या. त्या दिवसांत त्यांचं हसणं कमी झालं होतं. डिसेंबरात त्यांना कॅन्सर असल्याचं कळलं होतं. परळच्या इस्पितळात दर तीन आठवड्यांनी केमो चालू होती. मार्चपर्यंत डोक्यावरचे सगळे केस गेले, भुवयाही विरळ झाल्या. हे राजसशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. इमारतीतल्या बायकांना त्यांनी पित्ताचा त्रास आहे असं सांगितलं होतं. गिरगावात राहणाऱ्या धाकट्या बहिणीला, वैदेहीला, सांगितलं होतं की आजकाल राजससाठी मुली बघतेय, वेळ होत नाही. खाली उतरताना त्या विग घालत. विग चांगला होता, कुणाला संशय आला नाही.

"मावशीला तरी सांग," राजस म्हणायचा.

"सांगेन. मी सांगेन तेव्हा," त्या म्हणायच्या. "लोक येतात, हात धरतात आणि असं बघतात जसं मी निघालेच. मला ती नजर नकोय. केमो झेपतेय, ती नजर झेपणार नाही."

तर मित्रांनो, एप्रिलातला एक रविवार. सकाळचे नऊ. राजसने खिडकीजवळच्या टेबलावर खाकी कापड अंथरलं, मला उघडून त्यावर ठेवलं. उजेड नीट पडावा म्हणून पात्याखाली काडेपेटी सारली. मी थोडा तिरपा झालो. खिडकीपाशी खुर्चीत सरोजिनीबाई बसल्या होत्या. नुकतीच आंघोळ झालेली, डोकं उघडं. त्या तळव्यावर खोबरेल घेऊन हळूहळू डोक्याला लावत होत्या. केमोनंतर टाळूची आग व्हायची.

"आई, उजेड अडतोय गं. थोडी सरक ना."

त्या खुर्चीसकट डावीकडे सरकल्या. "आता येत नाही ना मी त्यात?"

राजसने फोनच्या पडद्यावर बघितलं. टेबल होतं, कापड होतं, मी होतो. "नाही येत."

त्या सरकल्या त्या नेमक्या माझ्या समोर. मला त्या स्वच्छ दिसत होत्या. गुळगुळीत डोकं, तेलाचा हात, मिटलेले डोळे. मला दिसणं म्हणजे माझ्यात दिसणं. ओरडून सांगायची सोय मला कुणी दिलेली नाही. राजसने फोटो काढला, खाली लिहिलं, "वडिलांचा चाकू. रे रोडच्या लवू पारकरांचं काम, १९८८. तीन रविवारांची मेहनत." आणि टाकला.

दुपारपर्यंत शंभरएक जणांनी वाहवा केली. कुणी लिहिलं, "पातं आहे की आरसा!" राजस खुशीत होता. आईला वाचून दाखवत होता. त्यांनी त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी भाताचे दोन घास जास्त घेतले.

सोमवारी कुणीतरी फोटो मोठा करून बघितला. ध्रुव नावाचा तरुण, पंचविशीचा, माटुंग्याला राहणारा, ग्रुपमधला विनोदी माणूस म्हणून ओळखला जाणारा. त्याने पात्याचा तेवढाच भाग कापून घेतला, त्याभोवती लाल गोल काढला आणि लिहिलं, "राजसभाऊ, चाकूत भूत आहे!" खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. "टकलं भूत." "तेल लावून आलंय." त्याने ते चित्र आणखी तीन ग्रुपमध्ये पाठवलं.

राजस जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसला होता तेव्हा इरावतीबाईंचा फोन आला. हे मी राजसच्या तोंडून नंतर ऐकलं.

"राजस, पात्यात कोण आहे?"

राजसने हातातला घास डब्यात परत ठेवला.

"मी फोटो काढून टाकलाय. ध्रुवचाही. पण तो बाहेर गेलाय, ते माझ्या हातात नाही. कोण आहे ते मला सांगू नकोस. फक्त ज्यांचा चेहरा आहे त्यांना आज सांग. तुझ्या तोंडून कळू दे."

"हो ताई. आजच."

संध्याकाळी राजस घरी आला. सरोजिनीबाई स्वयंपाकघरात गुणगुणत होत्या. ताप नव्हता, उलट्या नव्हत्या, त्यांनी स्वतः फोडणीचं वरण केलं होतं. त्याने पान मांडलं. दोनदा तोंड उघडलं. मग म्हणाला, "वरण मस्त झालंय." झोपायच्या आधी मला त्याने टेबलावरून उचलून कपाटात ठेवलं, माझ्याकडे न बघता. मंगळवारीही तो बोलला नाही. चार हजार माणसांत आईला कोण ओळखणार, असं त्याने मनाशी ठरवलं असावं. दोन दिवसांत लोक विसरतील, असंही.

बुधवारी दुपारी बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरची मेघना आली होती. तिचा भाऊ चाकू जमवत नाही, पण त्याचा मित्र जमवतो, आणि असं फिरत फिरत ते चित्र तिच्या फोनवर आलं होतं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं.

"काकू, हा राजसचा चाकू ना? कडेला दिसणारं खाकी कापड आणि 'राजसभाऊ' बघून मी म्हटलं, हे तर तुमच्याकडचं टेबल. बघा ना, लोकांनी काय केलंय, भूत म्हणे..."

बोलता बोलता ती थांबली. सरोजिनीबाईंनी गडबडीत विग न घालता ओढणी बांधून दार उघडलं होतं, आणि ओढणी मागे सरकली होती.

मेघनाने फोन खाली केला. "काकू..."

"दाखव," सरोजिनीबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, खालच्या प्रतिक्रियांसकट. "थँक्यू. आता तू जा, मेघना. आणि हे कुणाला बोलू नकोस एवढं कर."

राजस आल्यावर त्यांनी आधी त्याला पाणी दिलं. मग म्हणाल्या, "तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज बुधवार आहे."

"आई, मला वाटलं... तू बरी होतीस दोन दिवस. मला ते मोडायचं नव्हतं. आणि फोटो मी मुद्दाम नाही गं टाकला, मी बघितलं होतं नीट, तू नव्हतीस त्यात..."

"फोटो चुकून गेला," त्या म्हणाल्या. "ते मी समजू शकते. गप्प मात्र तू ठरवून बसलास."

त्या आवाज चढवून बोलल्या नाहीत. राजस खाली बघत बसला. थोड्या वेळाने त्याचे खांदे हलायला लागले. त्यांनी त्याला जवळ घेतलं नाही. बसू दिलं तसंच.

मग त्यांनी त्याच्याकडे ध्रुवचा नंबर मागितला.

"मी बोलतो त्याच्याशी, आई. मी झापतो त्याला."

"चेहरा माझा आहे. नंबर दे."

त्यांनी फोन स्पीकरवर टाकला, म्हणून मला ऐकू आलं.

"ध्रुव का?"

"हो, कोण बोलतंय?"

"मी भूत बोलतेय. पात्यातलं."

पलीकडे आधी हसू आलं, मग ते मधेच तुटलं. "सॉरी... कोण?"

"राजसची आई. माझी केमो चालू आहे, म्हणून केस नाहीत. कुणाला सांगितलं नव्हतं मी."

मग तो म्हणाला, "काकू, आईशप्पत मला माहीत नव्हतं. मला वाटलं कुणीतरी टक्कल असलेले काका असतील."

"काका असते तर चाललं असतं?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"हे बघ, रडू नकोस. रडणाऱ्यांची समजूत घालायला आत्ता माझ्यात ताकद नाही. कामाचं बोलू. किती ठिकाणी पाठवलंस?"

"तीन."

"तिन्ही ठिकाणी तू स्वतः जा. काढून टाकायला सांग. राजस जाणार नाही, इरावतीबाई जाणार नाहीत. आणि रोज संध्याकाळी मला फोन करून सांग काय झालं ते. कारण विचारलं तर माझा आजार सांगायचा नाही. 'मी चुकलो' एवढंच सांगायचं. जमेल?"

"जमेल, काकू."

त्याने केलं. पहिल्या ग्रुपने त्याच दिवशी काढलं. दुसऱ्याने त्याची टर उडवली, 'भुताला घाबरला' म्हणाले, मग तिसऱ्या दिवशी काढलं. तिसऱ्या ग्रुपचा चालक उत्तरच देईना. ध्रुव रोज सात वाजता फोन करून सांगायचा, "काकू, अजून नाही." आणि त्या म्हणायच्या, "ठीक आहे, उद्या परत." मित्रांनो, खोटं कशाला सांगू, त्या तिसऱ्या ठिकाणी तो फोटो अजूनही आहे.

बहिणीला सांगायचं मात्र त्यांनी आणखी पुढे ढकललं नाही. दुसऱ्या दिवशी विग घातला, टॅक्सी केली आणि गिरगावला गेल्या. परत आल्या तेव्हा बरोबर वैदेही होती, हातात कपड्यांची पिशवी. तिचे डोळे लाल होते, पण ती आल्या आल्या म्हणाली, "राजससाठी मुली बघतेय म्हणे! मी इकडे दोन स्थळं काढून ठेवली होती, बावळटासारखी." दोघी बहिणी हसत सुटल्या. राजसही हसला, जरा घाबरतच.

त्याच आठवड्यात इरावतीबाई घरी आल्या. सरोजिनीबाईंनी स्वतःच त्यांना फोन करून सगळं सांगितलं होतं. उंच, पांढऱ्या केसांच्या, खांद्याला शबनम पिशवी. त्यांना ग्रुपच्या नियमांत भर घालायची होती, आणि ती सरोजिनीबाईंना दाखवल्याशिवाय घालायची नव्हती.

"तुमचं नाव कुठेही नाही," त्या म्हणाल्या आणि कागद पुढे केला.

सरोजिनीबाईंनी लाल पेन मागितलं. तेहतीस वर्षांची सवय होती. "हे 'कृपया' काढा. विनंती नाहीये ही. आणि 'शक्यतो' पण काढा, त्यातूनच लोक निसटतात." मग त्यांनी मोठ्याने वाचलं. "फोटो टाकण्याआधी तो मोठा करून बघावा. चाकूच्या मागे कोण आहे आणि चाकूच्या आत कोण आहे, दोन्ही." हे त्यांनी तसंच ठेवलं. "दुसऱ्याच्या फोटोत काही दिसलं तर त्याला गोल काढू नये. त्या माणसाला एकट्याला कळवावं." हेही ठेवलं.

खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली. "चूक झाली तर ज्याचं नुकसान झालं त्याला आधी सांगावं, त्याच दिवशी."

इरावतीबाईंनी ती ओळ वाचली, राजसकडे एकदा बघितलं आणि कागदाची घडी केली.

"तुम्ही या ना आमच्या मेळाव्याला," निघताना त्या म्हणाल्या. "चार शब्द बोला. लोकांना धीर येईल."

"नाही हो. मला धीट व्हायचं नाहीये. मी विग घालूनच खाली उतरणार आहे. माझं डोकं कुणी बघायचं ते मी ठरवणार, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे."

इरावतीबाईंनी मान डोलावली. परत आग्रह केला नाही.

आता माझं काय झालं ते. राजसने मला कपाटातून बाहेर काढायचंच सोडलं. त्याने एव्हाना जमवलेले बाकीचे सहा चाकू रविवारी बाहेर यायचे, तेल लावून परत आत जायचे. माझी पाळी आली की त्याचा हात पुढच्या चाकूवर जायचा. मी परत अंधारात. यात माझी चूक काय, हे मी स्वतःला बरेचदा विचारलं. समोर असेल ते दाखवणं हेच मला लवूने शिकवलं होतं.

मे महिना संपत आला होता. शेवटची केमो झाली होती. तपासणी तीन महिन्यांनी व्हायची होती, तोवर कुणी काही सांगू शकत नव्हतं. तोंडाची चव गेलेली, सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं म्हणायच्या त्या. वैदेहीने दादरच्या बाजारातून कैऱ्या आणल्या होत्या. सरोजिनीबाई कपाटापाशी आल्या आणि त्यांनी मला उचललं.

"आई, तो नको," राजस म्हणाला. "ते पोलाद जुनं आहे. कैरी लागली की काळं पडतं. आणि तसाही मी तो..."

"तसाही तू तो काय? त्याच्यावर का रुसलायस तू? अण्णांनी सगळं आयुष्य याच्याने पुठ्ठे कापले. कापायलाच केलाय ना हा?"

त्यांनी पाटावर कैरी ठेवली. सदतीस वर्षांत मी पहिल्यांदा ओलं, आंबट, कोवळं काही कापत होतो. करकर आवाज झाला. आंबट रस पात्यावर पसरला आणि जिथे जिथे लागला तिथे चकाकी विझायला लागली. आधी निळसर, मग करडी, मग मधेमधे काळी. राजसने फडकं हातात घेतलं. तीन रविवारांची मेहनत त्याच्या डोळ्यांसमोर जात होती. त्याने फडकं पुढे केलं नाही. बाजूला ठेवून दिलं.

सरोजिनीबाईंनी एक फोड मिठात बुडवून तोंडात टाकली. डोळे बारीक झाले, खांदे वर गेले. "आई गं! आंबट!" त्या म्हणाल्या, आणि मग अगदी हळू, "अरे, आंबट लागतंय मला."

वैदेहीने तोंडावर हात ठेवला. राजस त्यांच्याजवळ खाली बसला. त्यांनी दुसरी फोड त्याच्या तोंडात घातली.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "आई, याचा असा फोटो काढू? नको असेल तर नको."

"काढ. पण आधी मला दाखव."

त्याने काढला. त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा करून कोपरान् कोपरा बघितला. पात्यावर नुसते करडे-निळे ढग होते. पाटाच्या कडेला मात्र वैदेहीच्या पायाचा अंगठा आला होता.

"वैदू, अंगठा आलाय तुझा. चालेल?"

"ईऽ, नको. नखं बघ कशी झालीत."

"पुसून टाक हा. दुसरा काढ," सरोजिनीबाई राजसला म्हणाल्या, आणि तिसरी फोड कापायला मला उचललं.

मित्रांनो, चकाकी गेली याचं मला वाईट वाटतं का? थोडं वाटतं. लवू असता तर चिडला असता. पण ज्याच्या पात्यात कुणाला मिशी कोरायची नाही, त्याला चकाकून काय करायचंय? माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्या घरी असतील. त्यांना कोरडं ठेवा, वर्षातून एकदा तेलाचं बोट लावा, आणि मोठ्यांना विचारून, जपून वापरा. फोटो काढायची हौस असेल तर तीही करा. फक्त आधी वस्तूच्या पलीकडे बघा, तिथे कोण बसलंय ते. त्या माणसाला विचारा. तो नको म्हणाला तर फोन खाली ठेवा. आम्हा वस्तूंचं काय, आम्ही फोटोत नसलो तरी चालतं.